बधीर चट्ट्याच्या खाली

त्वचारोगांवर मराठीत पुस्तके कमी नाहीत. त्यांतली बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आहेत: नायटा, खरूज, इसब, कोड, मुरुमे, केस गळणे. ते साहजिक आहे. काहीतरी दिसते, खाजते किंवा दुखते म्हणूनच माणूस डॉक्टरकडे येतो. पण जालना जिल्ह्यात त्वचारोगाच्या ओपीडीत बसणाऱ्याला अधूनमधून एक वेगळा रुग्ण भेटतो. तो स्वतःहून आलेला नसतो, आशाताईने आणलेला असतो. पाठीवर किंवा दंडावर एक फिकट चट्टा असतो आणि तक्रार अशी काहीच नसते. "दुखत नाही, खाजत नाही, मग दाखवायचा कशाला?" असे तो विचारतो. दुखत नाही म्हणूनच तो दाखवायचा, हे त्याला पटवणे हे आमच्या कामातले सगळ्यात अवघड काम. पुढची सगळी पाने त्या एका प्रश्नाचे उत्तर आहेत असे म्हटले तरी चालेल.

पुस्तकाचा विषय आहे मज्जातंतूंना सांभाळणाऱ्या पेशी आणि त्यांचा त्वचेशी असलेला संबंध. विषय ऐकून वाचक दचकेल याची मला कल्पना आहे. असल्या पेशींचा अभ्यास स्टॉकहोमच्या किंवा एडिंबरोच्या प्रयोगशाळेत व्हायचा, जालन्यात त्याचे काय काम? काम आहे. या पेशींवर थेट हल्ला करणारा एक जंतू आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे, आणि त्या जंतूच्या रोगाला आपण अजूनही कातडीचा रोग समजतो.

थिओडोर श्वान हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ. प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असतात हा सिद्धांत त्याने १८३९ साली पुस्तकरूपाने मांडला. मज्जातंतूंना लगटून असलेल्या पेशींचे वर्णनही त्याने केले आणि पुढे त्या पेशींना त्याचेच नाव मिळाले. (मराठी वाचकाला या नावात कुत्रा दिसतो, त्याला इलाज नाही.) मेंदू आणि मज्जारज्जू सोडून शरीरभर पसरलेल्या प्रत्येक मज्जातंतूला श्वान पेशींची सोबत असते.

शालेय पुस्तकांत या पेशींना विजेच्या तारेवरचे प्लास्टिक म्हणतात. उपमा सोपी आहे आणि अर्धीच खरी आहे. जाड तंतूंभोवती श्वान पेशी स्वतःला पुन्हा पुन्हा गुंडाळून घेते आणि मायलिनचे स्निग्ध आवरण तयार करते. एक पेशी तंतूचा जेमतेम एक मिलिमीटर भाग झाकते. पुढचा मिलिमीटर पुढच्या पेशीचा, आणि दोघींच्या मध्ये एक बारीक फट. संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून सेकंदाला पन्नास मीटरहून अधिक वेग गाठतो. इथपर्यंत प्लास्टिकची उपमा चालते. पण प्लास्टिक तारेला जेवू घालत नाही. पायाच्या अंगठ्यातून निघालेल्या तंतूची मूळ पेशी कमरेजवळ, पाठीच्या कण्यालगत असते. म्हणजे पेशी तिथे आणि तिचा शेंडा जवळजवळ एक मीटर लांब. इतक्या लांबच्या टोकाला मूळ पेशीकडून सगळी रसद पोचत नाही. वाटेवरच्या श्वान पेशी तंतूला ऊर्जा पुरवतात, त्याची डागडुजी करतात.

नस तुटली किंवा चिरडली तर या पेशींचे दुसरे रूप दिसते. त्या आपले मायलिन मोडतात, पडझड झालेला भाग साफ करतात, पुन्हा लहानपणच्या अवस्थेत जातात आणि एकामागे एक रांग धरतात. नवा कोंब त्या रांगेच्या आधाराने पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत चाळीस सेंटिमीटर धरा. म्हणजे वर्षाहून अधिक काळ झाला. तोही रांग शाबूत असेल तर. हा हिशेब वाचकाने लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

त्वचेत मात्र मायलिन नसलेले बारीक तंतूच फार. चटका, गारवा, खाज, ठसठसणारी वेदना हे सगळे मुख्यतः यांच्यावरून जाते, सेकंदाला जेमतेम मीटरभर या वेगाने. चुलीवरच्या तव्याला बोट लागले की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने भाजल्याची आग सुरू होते. ही दोन टप्प्यांतली वेदना म्हणजे दोन जातींच्या तंतूंच्या वेगांतला फरक. बारीक तंतूंना सांभाळणाऱ्या श्वान पेशींना रेमाक पेशी म्हणतात. अशी एक पेशी आपल्या घड्यांमध्ये कितीतरी तंतू एकाच वेळी धरून ठेवते. घामाच्या ग्रंथींना, केसांच्या मुळांशी असलेल्या स्नायूंना आणि बारीक रक्तवाहिन्यांना जाणारे तंतूही याच जातीचे. त्यामुळे या पेशी बिघडल्या की स्पर्श तर जातोच, घामही जातो. त्वचा कोरडी पडते, तिला भेगा पडतात, त्या भागावरची लव गळते. बधीर चट्ट्यावर घाम येत नाही, याचे कारण इथे आहे.

आतापर्यंत सांगितले ते जुने ज्ञान. गेल्या वीस वर्षांत या पेशींबद्दल जे कळले, ते मात्र माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी कॉलेजात वाचलेले नाही.

वेदना मज्जातंतूंच्या उघड्या टोकांवर सुरू होते असे आम्हाला शिकवले होते. २०१९ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या पॅट्रिक एर्नफॉर्स यांच्या गटाने उंदरांवरच्या कामातून दाखवले, की बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या सीमेवर विशेष प्रकारच्या श्वान पेशींचे जाळे पसरलेले असते. त्यांचे लांब फाटे वेदनातंतूंना वेढून वरपर्यंत जातात. या पेशी स्वतःच दाब आणि टोचणी ओळखतात आणि तंतूला जागे करतात. म्हणजे ज्यांना आपण नोकर समजत होतो, त्या पहारेकरी निघाल्या. त्याआधी दहा वर्षे, २००९ साली, त्याच संस्थेतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा मोठा वाटा गर्भावस्थेत थेट मज्जातंतूंवरून त्वचेत उतरतो. श्वान पेशींच्याच पूर्वज पेशी तंतू सोडून बाजूला होतात आणि रंगपेशी बनतात. त्वचेचा रंग आणि स्पर्श यांच्यात हे असे गोत्र आहे. जखम भरण्यातही या पेशी भाग घेतात. कातडी फाटली की जवळच्या नसांमधल्या श्वान पेशी मोकळ्या होऊन जखमेत शिरतात आणि भरणीला मदत करणारे रेणू सोडतात. ज्या पायाची संवेदना गेली त्याची जखम महिनोन् महिने का चिघळते याचे सगळे उत्तर यात नाही, पण काही भाग नक्की आहे.

आता कुष्ठरोग.

नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ट आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरुग्णांच्या ऊतींत दंडाकार जंतू पाहिले. तोपर्यंत हा रोग आनुवंशिक आहे असे युरोपातले मोठमोठे वैद्य मानत होते. माणसाच्या रोगाला जबाबदार धरला गेलेला हा अगदी सुरुवातीच्या जंतूंपैकी एक. पण त्यानंतरच्या दीडशे वर्षांत कुणालाही तो काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. कारण २००१ साली त्याची जनुकीय लिपी पूर्ण वाचली गेली तेव्हा कळले. क्षयाच्या जंतूचा हा नातलग, पण त्याच्याकडे कामाची जनुके साधारण सोळाशेच उरली आहेत. अकराशेच्या आसपास जनुके मोडीत निघालेली आहेत. स्वतःचे अन्न स्वतः तयार करण्याची बरीचशी सोय त्याने गमावली आहे. दुसऱ्याच्या पेशीत राहिल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही.

आणि तो राहायला जागा निवडतो ती श्वान पेशी. हे कसे घडते ते १९९७-९८ मध्ये अनुरा रंबुक्काना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात उलगडले. श्वान पेशीच्या बाहेर लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचे अस्तर असते. जंतू त्याला चिकटतो, त्यामार्गे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही रेणूला (रिसेप्टरला) गाठतो आणि आत शिरतो. आत शिरल्यावर घाई करत नाही. आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाचा जंतू दिवसाच्या आत. कुष्ठाच्या जंतूला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून लागण आणि पहिला चट्टा यांच्यात सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. २०१३ साली याच रंबुक्कानांच्या गटाने, आता एडिंबरोहून, उंदरांच्या पेशींवर दाखवले की जंतू श्वान पेशीची ओळखच पुसू शकतो. प्रौढ पेशी मूळपेशीसारखी होते, तिला फिरण्याची मुभा मिळते आणि तिच्यासोबत जंतूही फिरतो. वर सांगितलेली दुरुस्तीची युक्ती आठवा: नस तुटल्यावर पेशी लहानपणात जाते ती नस वाचवण्यासाठी. जंतू तोच रस्ता आपल्या सोयीसाठी वापरतो. जंतुशास्त्राची इतकी वर्षे ओळख असूनही ही गोष्ट वाचताना मला थोडे चक्रावल्यासारखे झाले होते.

नुकसान फक्त जंतूच करतो असेही नाही. २०१७ मध्ये झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांमध्ये क्रेसिडा मॅडिगन, ललिता रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी पाहिले, की जंतूच्या आवरणातल्या एका मेदयुक्त रेणूमुळे शरीराच्या भक्षक पेशी चवताळतात आणि त्यांनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडने शेजारचे तंतू जखमी होतात. रोगप्रतिकाराची किंमत नस मोजते. रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ फार व्यवहारी आहे. औषध सुरू झाले, जंतू मरू लागले, त्यांचे अवशेष मोकळे झाले, की काही जणांत प्रतिकारशक्ती उसळते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात, हात एका आठवड्यात लुळा पडू शकतो. याला रिॲक्शन म्हणतात. रुग्णाला वाटते, गोळ्यांनीच बाधा केली, आणि तो गोळ्या फेकून देतो. खरे तर त्या वेळी त्याच गोळ्या चालू ठेवून सोबत स्टेरॉइड द्यायचे असते. बधिरता किंवा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर बऱ्याच रुग्णांची नस बरीचशी परत येते. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. दिवसाला एक मिलिमीटरचा हिशेब इथे लागतो, आणि रांग मोडली असेल तर तोही लागत नाही.

जंतूला गारवा मानवतो. तेहतीस अंशांच्या आसपासचे किंवा त्याहून थोडे कमी तापमान त्याला भावते, म्हणून तो नाक, कानाच्या पाळ्या, हातपाय आणि त्वचेलगतच्या नसा गाठतो. काख, जांघ सहसा सोडतो. कोपराच्या आतल्या बाजूची नस, गुडघ्याच्या बाहेरची, घोट्याच्या आतली, डोळ्याच्या पापणीची. यांतली पहिली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकडे होते. दुसरी गेली की पाऊल लोंबते. तिसरी गेली की तळवा बधीर होतो, आणि चौथी गेली की डोळा मिटत नाही. बोटे 'झडतात' हा समज इथूनच आला. बोटे झडत नाहीत. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे ठासून मांडले, की रुग्णाचे मांस रोगाने सडत नाही. बधीर हाताला होणाऱ्या रोजच्या जखमा, भाजणे, चिरडणे, आणि त्यांकडे झालेले दुर्लक्ष यांनी बोटे आखूड होतात. काही रुग्णांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते हे लक्षात आल्यावर त्यांना मांजरे पाळायला दिली गेली, ही वेल्लोरची हकीकत प्रसिद्ध आहे.

या सगळ्यात महाराष्ट्राचा एक वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. कुष्ठरोग म्हटला की आपल्याला आनंदवन आठवते. आठवावेच. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभे केले, बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवन. पण हे बहुतेक काम नस गेल्यानंतरचे आहे. टाकलेल्या माणसाला उभे करण्याचे. नस जाण्याआधीचा शोध घेणारे दोन धागे वेगळे आहेत.

पहिला मुंबईचा. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. कर्करोगाच्या संशोधनासाठी त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांनी कुष्ठाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने निरीक्षण केले आणि १९५१ च्या अहवालात मांडले, की जंतू आधी त्वचेतल्या बारीक नसांमध्ये दिसतो, त्वचेची विकृती त्यानंतरची. रोग मुळात नसांचाच, हे त्यांचे म्हणणे. श्वान पेशीचे रेणू कुणी मोजायच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी परळच्या प्रयोगशाळेत हा निष्कर्ष निघाला होता. १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णातून वाढवलेला एक जंतू जाहीर केला. तो कुष्ठाचाच जंतू असल्याचा दावा पुढे टिकला नाही, पण त्यापासून लस करण्याचे काम तिथेच बरीच वर्षे चालले. पुढे जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन नोशीर अंतिया वाकड्या बोटांच्या आणि बसलेल्या नाकांच्या शस्त्रक्रिया करता करता नसेकडे वळले, आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरुग्णांच्या नसा पाहण्याचे काम वनजा शेट्टी यांच्यासह वर्षानुवर्षे केले. त्या दोघांनी संपादित केलेला परिघीय नसांवरचा ग्रंथ १९९७ साली आला. त्वचेवर चट्टा नसलेल्या भागातल्या नसाही बिघडलेल्या असू शकतात हे या प्रकारच्या कामातून ठळक झाले.

दुसरा धागा वर्ध्याचा. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ साली स्थापन झाले आणि डॉ. र. वि. वारदेकर यांनी तिथे एक साधी पद्धत रुजवली: रुग्णालय बांधून वाट पाहत बसायचे नाही, घरोघर जायचे, प्रत्येकाचे अंग तपासायचे, लोकांना समजावायचे आणि घरीच औषध द्यायचे. त्या काळी हातात डॅप्सोन ही एकच गोळी होती. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार हे तीन शब्द पुढे देशाच्या कार्यक्रमात गेले. आज आशाताई पिशवीत बॉलपेन आणि टॉर्च घेऊन फिरते, ती त्याच वाटेवर.

मराठवाडा या दोन्ही धाग्यांपासून दूर होता. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यातले कुष्ठाचे मोठे केंद्र होते निजामाबादजवळ डिचपल्लीला. इझाबेल केर आणि त्यांचे पती जॉर्ज केर यांनी ते उभारले. उपचार म्हणजे चालमोगऱ्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शने. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर जालना आणि डिचपल्ली ही दोन्ही स्थानके आहेत. एका गाडीचे अंतर, पण रोग लपवणाऱ्या माणसाला तेवढेही फार. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन या तीन औषधांचा एकत्र उपचार, म्हणजे एमडीटी, पुढे आणला, आणि १९८३ साली भारताने कार्यक्रमाचे नाव नियंत्रण बदलून निर्मूलन असे केले. चट्टे पाचपर्यंत असले तर पीबी, म्हणजे कमी जंतूंचा प्रकार, उपचार सहा महिने. त्याहून जास्त किंवा जंतू सापडले तर एमबी, म्हणजे जास्त जंतूंचा प्रकार, बारा महिने. औषध फुकट. पहिल्या मासिक डोसानंतर रुग्ण इतरांना लागण करण्याजोगा जवळजवळ राहत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. माझ्या मते त्या घोषणेने जितके भले केले तितकेच नुकसानही. कुष्ठासाठीच नेमलेले, नसा चाचपायला हात तयार झालेले कर्मचारी कमी झाले, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा रोग इतिहासाच्या पानावर गेल्यासारखा वाटू लागला. प्रत्यक्षात जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, दरवर्षी सुमारे एक लाख.

जालन्याचे काम आणि जालन्याचे हात यांविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुढे नेता येत नाही. दिवाळीच्या आसपास घनसावंगी, अंबड, परतूर, मंठ्याकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. परत यायला पाडवा, कधी अक्षय्यतृतीया. उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा, एक पाकीट अठ्ठावीस दिवसांचे. हे दोन्ही हिशेब जुळत नाहीत. निघण्यापूर्वी पुढची पाकिटे सोबत देण्याची सोय कार्यक्रमात आहे. ती वापरली गेली पाहिजे, आणि पाकिटासोबत दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते. क्लोफाझिमिनने कातडी काळपट पडते, ती औषध संपल्यावर हळूहळू उजळते. फडात चार लोकांनी रंगावरून विचारले की बाई गोळ्या बंद करते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

बधीर हाताने ऊस तोडणे, वाळलेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून कापूस वेचणे, चुलीवरचे पातेले फडक्याशिवाय उतरवणे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळईच्या जवळपास वावरणे. या प्रत्येक कामात वेदना ही कामगाराची पहिली सुरक्षा असते. हातमोजे नंतर येतात, आणि बरेचदा येतच नाहीत. मिलमधल्या कामगाराच्या हातावर सारख्याच जागी भाजल्याच्या खुणा दिसल्या आणि त्या कधी झाल्या हे त्याला सांगता आले नाही, तर मलम लिहून देण्याआधी कापसाचा बोळा घेऊन स्पर्श तपासा. असे कामगार अनेकदा परराज्यांतले असतात, उपचाराचे कार्ड त्यांच्या गावी आणि हात इथे. रोग त्यांनी आणला असली बडबड वाचकाने करू नये; शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांना या जंतूविरुद्ध निसर्गतःच प्रतिकार असतो, आणि हा जंतू आपल्या गावात त्यांच्या आजोबांच्या आधीपासून आहे.

कायदा उशिरा का होईना सरकला आहे. १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ मध्ये व्यक्तिगत कायद्यांतून कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण वगळले गेले. घरातल्या माणसांचे डोळे मात्र कायद्याने बदलत नाहीत, आणि हे पुस्तक त्या बाबतीत फार काही करू शकेल असे मला वाटत नाही.

श्वान पेशींचे इतर आजार पुस्तकात थोडक्यात आहेत. अंगभर मऊ गाठी आणि कॉफीच्या रंगाचे डाग असलेला माणूस बहुतेकांनी बाजारात पाहिलेला असतो. तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस, साधारण तीन हजारांत एक. एका जनुकाच्या बिघाडाने श्वान पेशी बेसुमार वाढतात. तो संसर्गजन्य नाही, आणि त्या माणसाला कुष्ठरोगी समजून बाजूला बसवले जाते ही आपल्या अज्ञानाची दुहेरी शिक्षा. मधुमेहात बारीक तंतू आणि त्यांच्या सोबतिणी हळूहळू मरतात. तळव्यापासून सुरू होणारी बधिरता तीच. नागिणीचा विषाणू कण्यालगतच्या नसेच्या गाठीत वर्षानुवर्षे दडून असतो, जिथे मूळ पेशींना दुसऱ्या प्रकारच्या आधारपेशींनी वेढलेले असते, आणि एका नसेच्या पट्ट्यातच उमटतो. त्यामुळे नागिणीची दोन तोंडे मिळून वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो ही भीती व्यर्थ आहे. ती सहसा शरीराची मधली रेघ ओलांडतच नाही. कोडाचा पांढरा डाग मात्र स्पर्शाला शाबूत असतो. कोड आणि कुष्ठ यांतला फरक ओळखायला एवढी एक खूण बरेचदा पुरते, आणि ती न तपासता दिलेले मलम मी आजही चिठ्ठ्यांवर पाहतो.

नसेला वाचवणारे, म्हणजे जंतू मारणारे नव्हे तर श्वान पेशीला तगवणारे, औषध आज हातात नाही. स्टेरॉइड सूज उतरवते, एवढेच. या विषयावरचे संशोधन कुठे अडले आहे ते शेवटच्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहिले आहे. ते वाचून कुणा विद्यार्थ्याला प्रयोगशाळेकडे वळावेसे वाटले तर उत्तम.

पहिली तीन प्रकरणे पेशींची आहेत आणि ती सावकाश वाचायची आहेत. ज्यांना उद्याच शोधमोहिमेवर जायचे आहे त्यांनी पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे नसा चाचपण्याची पद्धत चित्रांसह आहे. रुग्णाचा हात कोपरात किंचित वाकवा. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागच्या खोबणीत बोटे ठेवा. दोन्ही बाजूंची तुलना करा, एक जाड लागते का पाहा. दाब हलकाच असू द्या, आणि चाचपताना नसेकडे पाहू नका, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहा. तोंडाने नाही म्हणणाऱ्याच्याही भुवया आक्रसतात. नस दुखत असेल, किंवा बोटांची ताकद गेल्या काही आठवड्यांत कमी झाली असेल, तर पुढच्या महिन्याच्या शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवा, आणि कार्डावर तारीख लिहा.